सात डोळ्यांवर

“वहिनी, यंत्र म्हणतंय तू खोटं बोलतेस,” निलू बोलून गेली आणि मग तिनं जीभ चावली.

कुंदा ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. तिनं मानही वर केली नाही. “यंत्राला म्हणावं, आधी हातपाय धू, चहा घे, मग भांड,” ती म्हणाली.

नणंदेनं भावजयीला खोटारडी ठरवायची ही काही जगातली पहिली खेप नव्हे. पण या दोघींचं गूळपीठ असं, की हेमंत असताना तोच बिचारा एकटा पडायचा. हेमंत राऊळ म्हणजे कुंदाचा नवरा आणि निलूचा थोरला भाऊ. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. निलू, कागदोपत्री डॉक्टर नीलांबरी राऊळ, पुण्याच्या एका द्राक्षसंग्रहात वाणांची पारख करायची. आज ती दिंडोरीपुढच्या या चाफेवणी गावात आली होती ती गाडीच्या मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधलेलं एक यंत्र घेऊन.

भांडण एका आकड्यावरून होतं. दादा ती वेल किती डोळ्यांवर छाटायचा, असं निलूनं विचारलं होतं. कुंदानं सांगितलं होतं, सात.

डोळा म्हणजे काडीच्या प्रत्येक पेरापाशी असतो तो फुगीर कोंब. पावसाळा सरला की द्राक्षाची गोडी छाटणी होते. तेव्हा काडीवर किती डोळे ठेवायचे आणि कुठं कात्री लावायची यावर सगळं वर्ष ठरतं, कारण त्या डोळ्यांतून फूट येते आणि फुटीबरोबर घड. चाफेवणीतलं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं.

“सात नाही गं. हे बघ.” निलूनं पडदा तिच्यापुढे धरला. “बारा, चौदा, अकरा, तेरा, परत बारा. सात फक्त दादा गेल्यानंतर. आणि तेव्हापासूनच वेलीला एक घड लागलेला नाही.”

“मग तुझं यंत्र बिघडलंय,” कुंदा म्हणाली आणि शेंगांचं सूप उचलून आत गेली.

आत जाऊन ती नुसतीच उभी राहिली. खोटं ती बोललेली नव्हती. पण खरंही पुरतं बोललेली नव्हती, कारण हेमंतनं तिला गळ्याची शपथ घातली होती आणि ती तिनं आजवर पाळली होती.

*

हेमंत आणि कुंदा दोघंही सावंतवाडीकडचे. नारळ, सुपारी, काजू यांच्यात वाढलेले. द्राक्षं त्यांनी पाहिली ती बाजारात, खोक्यात. हेमंतला चाफेवणीच्या शाळेत चित्रकलेच्या शिक्षकाची नोकरी लागली म्हणून ती दोघं या मुलखात आली.

गावाबाहेर एक पडका डाकबंगला होता. हेमंत पोरांना तिथं चित्रं काढायला न्यायचा. बंगल्यामागच्या आंब्यावर एक रानटी वेल चढलेली होती, बारकी, काळीकुट्ट द्राक्षं धरायची. आंबट म्हणून कुणी तिच्याकडे ढुंकून बघत नसे. एका पोरानं त्या द्राक्षांचा मारा दुसऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर केला आणि सदरा असा लालभडक झाला की पोराच्या आईनं शाळेत येऊन थयथयाट केला. हेमंतनं तिची माफी मागितली, आणि संध्याकाळी जाऊन ती द्राक्षं रुमालात बांधून आणली. घरी त्यानं रस कागदावर ओढून बघितला. “बघ गो कुंदा, फुकटचा रंग!” तो लहान मुलासारखा ओरडला. पुढं रस्तारुंदीत बंगला गेला, आंबा गेला, वेलही गेली. हेमंतनं चित्रासाठी आणलेली एक काडी तेवढी घरामागे मातीत खोचलेली होती. तीच ही वेल.

तिचं मोल कळलं ते मात्र निलूला, आणि तेही नको त्या वेळी. भावाच्या दहाव्याला ती आली होती. फाल्गुन होता, मांडवाला घड लटकत होते. कुणाशी बोलवत नव्हतं म्हणून ती मांडवाखाली जाऊन बसली आणि सहज एक मणी बोटांत दाबून फोडला. मग बराच वेळ ती आपल्या बोटांकडे बघत राहिली. रडून सुजलेल्या डोळ्यांनी ती आत आली आणि म्हणाली, “वहिनी, हे आतून लाल आहे.”

काळं द्राक्ष काळं असतं ते सालीपुरतं. आतला गर पांढराच. लाल वाईनला रंग येतो तो साली रसात मुरू दिल्यावर. आतून-बाहेरून लाल असे वाण जगात अगदी मोजके. आणि इकडे सालीतला रंगही दगा देऊ लागला होता. सालीला रंग धरायला रात्र गार लागते, आणि नाशिकच्या रात्री आता गार राहिल्या नव्हत्या. बागांवर सावलीची जाळी चढली, छाटणीला कॅमेऱ्यावर डोळे मोजणारे यांत्रिक हात आले, फवारणीला ड्रोन आले. पण रात्र गार करायचं यंत्र काही कुणाला सुचलं नाही. लाल वाईन म्हणून बाटलीत जे भरलं जाई, त्याला गावात लोक कोकम सरबत म्हणायचे. अशा दिवसांत, उकडत्या रात्रींत गरापर्यंत लाल होणारी ही वेल कुंदाच्या मोरीच्या पाण्यावर जगत होती.

निलूनं पानं तपासायला नेली. जगभरच्या नोंदींत तिचा जोडीदार सापडेना. एक आजी काळ्या समुद्राकडची निघाली, बाकीच्या गोत्राचा पत्ता नाही. द्राक्षाच्या वाणाचं असं असतं, की बी लावून आईसारखी वेल कधी येत नाही. काडीच लावावी लागते. म्हणजे एखादा वाण म्हणजे खरं तर एकच वेल, काडीकाडीनं गावोगाव हिंडत राहिलेली. ही वेल हिंडलीच नव्हती. आहे ती एवढीच. आणि आता तिच्या मुळांना बुरशी लागली होती.

*

चहा झाला. निलू नरमली होती. मांडवाखाली दोघी खाटेवर बसल्या. वेलीचं खोड मनगटाएवढं होतं आणि तारेवर दोन बाजूंना तिचे दोन ओलांडे, म्हणजे आडवे जाड फाटे, पसरले होते. हेमंत जाण्याच्या आदल्या वर्षी गारपिटीत जुने ओलांडे मोडले, तेव्हा त्यानं खोडाशी दोनच डोळे राखले होते. त्या दोन डोळ्यांचे हे दोन हात.

“तुझ्या यंत्राला कसं कळलं गं, कुणी कधी कुठं कापलं ते?” कुंदानं विचारलं.

“साडी बरीच वर्षं घडी घालून ठेवली की उलगडल्यावर चुण्या दिसतात ना? तसंच. वेलीला ऊन लागलं, तहान लागली, कात्री लागली की तिच्या पेशींत, जनुकांच्या धाग्यावर बारीक बारीक खुणा उमटतात. धागा तोच राहतो, पण कुठं दुमडला होता ते कळतं. आम्ही त्या खुणा वाचतो.”

“चुणीयंत्र,” कुंदा म्हणाली.

“त्याचं नाव भलतंच लांबलचक आहे. पण हे बरंय.” निलू हसली, आणि मग गंभीर झाली. “ऐक वहिनी. दादाच्या दहाव्यानंतर मी चार डोळे नेले होते, त्यांची रोपं झाली. संग्रहात ठेवायचं तर रोप निरोगी हवं, म्हणून टाचणीच्या डोक्याएवढा कोंब काचेत वाढवतात. त्यात रोग धुऊन जातात, आणि चुण्याही जातात. साडी धुऊन इस्त्री केल्यासारखी कोरी. ती रोपं मस्त माजलीत, पण फळाचं नाव नाही. संग्रहात जागा कमी आहे, आणि वांझ वेल पोसायला कुणी तयार नाही. यंदा घड दिसला नाही तर समिती रोपं उपटायला सांगणार. ही तर काय,” तिनं खोडावर हात ठेवला, “फळ न धरता राहिली तर दोन-तीन वर्षं काढेल. मग ती नाही, रोपंही नाहीत. म्हणून विचारते. दादाच्या हातून दरवर्षी घड यायचे. तो काय करायचा?”

कुंदा खाटेची सैल दोरी ताणून बघू लागली.

“त्याचं काही गुपित असेल तर असू दे. पण माझा भाऊच आहे ना तो?”

कुंदानं पदर तोंडाला लावला. निलूला वाटलं रडतेय. जवळ वाकून बघते तो ती हसत होती. खांदे गदगदा हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसतच होती.

“तुझ्या भावानं मला शपथ घातलीय गो बाये,” ती कसंबसं म्हणाली. “गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही म्हणाला होता.”

आणि मग तिनं सांगितलं.

वेल पहिल्यांदा मांडवावर चढली तेव्हा शेजारचे कारभारी तात्या गांगुर्डे कुंपणावरून ओरडले होते, “मास्तर, छाटायची येळ झाली! सात डोळ्यांवर छाटा!” हेमंतनं मान डोलावली. कोकणातला माणूस. घरात काही नवं करायचं तर राखणदाराला नारळ, गाऱ्हाणं, चार माणसांची साक्ष, हे सगळं त्याच्या अंगवळणी पडलेलं. त्याला वाटलं, इकडची रीत असेल. सात डोळ्यांसमोर वेल छाटायची.

“आता सात डोळे आणायचे कुठून?” कुंदा डोळे पुसत म्हणाली. “त्याचे दोन, माझे दोन. आई तेव्हा इथं आल्या होत्या, त्यांचे दोन. सातवा मिळेना. विषम आकडा कुणी ठेवला म्हणून हा डोकं धरून बसला. आणि मग सुभेदार आठवला.”

“तो काणा बोका?”

“तोच! मी त्याला काखेत धरला, आईंनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, बा देवा म्हाराजा, ह्या वेलीक बरकत दी, आणि ह्यानं कात्री चालवली. सुभेदारानं तेवढ्यात मला बोचकारलं.”

निलू खाटेवर आडवी पडून हसत होती. दादा गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. “आणि कळलं कधी?”

“दोन वर्षांनी. शाळेत कुणीतरी पोरांना छाटणी दाखवायला आलं. घरी आला तो कान लाल करून. म्हणाला, कुंदा, डोळे काडीचे असतात! मला शपथ घातली. पण रीत काही मोडली नाही. म्हणायचा, आता वेलीला सवय झालीय. पुढं आई गेल्या, सुभेदार गेला, तर आईंच्या फोटोतले दोन आणि एक डोळा खडूनं रांजणावर काढलेला. सात भरल्याशिवाय कात्रीला हात लावायचा नाही.”

हसू ओसरलं तशी कुंदा म्हणाली, “तो गेल्यावर मला वाटलं, आता तरी हिची नीट, रीतसर छाटणी होऊ दे. त्याची वेल आहे. तात्यांनाच बोलावलं. सात डोळ्यांवर छाटा म्हटलं. त्यांनी मोजून सात ठेवले.”

निलू उठून बसली. तिच्यातली शास्त्रज्ञ जागी झाली होती. “थांब. सात डोळे बघणाऱ्यांचे. मग काडी कापायची कुठं, हे कोण सांगत होतं?”

“कोणीच नाही. तात्यांनी सांगितलंच नाही ना! म्हणून मग हा आपला…” कुंदा अडखळली. “मला काडीशेजारी उभी करायचा. हात लांब कर म्हणायचा. ओलांड्याशी खांदा, आणि हात काडीला लावून सरळ. आता हलू नकोस. माझ्या बोटाच्या टोकाशी कापायचा.”

निलूनं यंत्र ओढून मांडीवर घेतलं. कोणत्या वर्षी वेलीला पाणी किती मिळालं याच्याही खुणा होत्या, आणि पाण्यावरून पेरं किती लांब वाढली असतील ते काढता येत होतं. कोरड्या वर्षी पेरं आखूड, म्हणून तेवढ्याच काडीवर चौदा डोळे. ओल्या वर्षी पेरं लांब, म्हणून अकरा. तिनं सगळी वर्षं एकाखाली एक मांडली. डोळ्यांचे आकडे नाचत होते. लांबी जागची हलत नव्हती.

“वहिनी, हात लांब कर.”

निलूनं खांद्यापासून बोटापर्यंत टेप लावला. अडुसष्ट सेंटीमीटर. पडद्यावरही तेच होतं. सगळ्या वर्षांना, एखाद्या बोटाचा काय तो फरक.

“हिचे पहिले आठ-नऊ डोळे वांझ आहेत,” निलू हळू आवाजात म्हणाली. “काही वाणांचं असतं तसं. घड पुढच्या डोळ्यांत असतो. जो शहाणा सातावर कापेल तो घडच कापून टाकेल. पुण्यात आम्ही पण तेच करतोय, यांत्रिक हात लावून. दादाला हे काही ठाऊक नव्हतं. त्यानं आपला तुझा हात मोजला.”

कुंदानं हात अजून तसाच धरला होता. तो खाली घ्यायचं तिच्या लक्षातच आलं नाही. “म्हणजे मीच उपाशी ठेवली तिला,” ती म्हणाली. “त्याचं बरोबर होतं आणि मी ते दुरुस्त करायला गेले.”

“वेडी आहेस का?” निलूनं तिला जवळ ओढलं. मग दोघी पोटभर रडल्या, आणि तेही बरंच झालं, कारण हेमंतच्या दिवसांत दोघींनी एकमेकींसाठी रडू आवरून धरलं होतं.

*

पण प्रश्न सुटला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी निलूनं तो मांडला तेव्हा ती कुंदाकडे बघत नव्हती.

पुण्याच्या रोपांची छाटणी यंदा होऊन गेलेली होती, सातावर; हिची अजून बाकी होती. या मोसमात घड दाखवायचा तर तो याच वेलीवर आणावा लागणार. आणि मुळं कुजलेल्या वेलीला घड धरायला लावलं तर ती असेल नसेल ती ताकद फळाला देणार. उन्हाळा बघणार नाही.

“तू म्हणशील तसं,” निलू म्हणाली. “नाही म्हणालीस तर मी समितीशी भांडेन. भांडण मला जमतं.”

कुंदा वेलीपाशी गेली. घरामागे येऊन रोज हिच्याशी बोलायची तिला सवय लागली होती. गॅस संपला, आमटी खारट झाली, गुडघा दुखतोय, सगळं. कालपासून तर तिला कळलं होतं, हिच्या अंगात त्याची प्रत्येक कात्री आहे. एवढं करून जी कोरी रोपं वाचणार, त्यांच्यात त्यातलं काही नसणार.

“ती रोपं मोठी झाली की किती जणांकडे जातील?” तिनं विचारलं.

“फळ धरलं तर खूप जणांकडे. रात्री काही आता गार व्हायच्या नाहीत, वहिनी. सगळ्यांनाच लागेल ही.”

“मग धरू दे हिला फळ,” कुंदा म्हणाली. “त्याला असं कुणासाठी राखून ठेवलेलं काही आवडायचं नाही. रंगाची बाटलीसुद्धा पोरांना वाटून मोकळा व्हायचा.” तिनं वेलीचं एक वाळकं पान खुडलं. “पण छाटणी रीतीनं व्हायला हवी. सात डोळ्यांवर.”

निलूनं मोजलं. दोघींचे मिळून चार. कुंदानं कुंपणाशी जाऊन कारभारी तात्यांना हाक मारली. तात्या आले ते एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं.

शपथ मोडलेलीच होती, मग तात्यांपासून काय लपवायचं? कुंदानं सगळं सांगितलं. तात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

“येवढी वर्सं मी कुंपणापलीकडं होतो,” ते रुसून म्हणाले. “बोक्याला बोलावलं, मला नाही. माझे डोळे चालले नसते का मास्तरला?”

“तुमचे दोन झाले असते ना तात्या,” कुंदा म्हणाली. “आम्हाला एकच हवा होता. आता तुमचा एकच आहे, म्हणून तर बोलावलं.”

“म्हंजे मी बोक्याच्या जागी?”

“सुभेदाराच्या,” निलू म्हणाली, आणि तात्यांनी टोपी सारखी करून ती नेमणूक मान्य केली.

“पाच झाले,” निलू म्हणाली. “दोन कमी पडतायत. दादाचा फोटो आणू का आतून?”

“कशाला?” कुंदानं खोडाशी वाकून दोन्ही ओलांड्यांच्या मुळाशी हात फिरवला. “गारपिटीत सगळं मोडलं तेव्हा त्यानं दोन डोळे राखले होते. ते इथंच आहेत. त्यांच्यातूनच तर ही सगळी वाढलीय. झाले सात.”

निलूनं कात्री घेतली. कुंदानं ओलांड्याशी खांदा लावला, हात काडीवर लांब केला. तात्यांना गाऱ्हाणं येत नव्हतं, त्यांनी आपला नारळ फोडला आणि म्हटलं, “मास्तर, तुमी चुकलात, पण बराबर चुकलात. बघा आता.”

“हलू नकोस हं,” निलू म्हणाली. ते शब्द तिच्या तोंडून आपसूक आले. कुंदाच्या बोटाच्या टोकाशी कात्री वाजली.

*

वेल फुटली. पहिले नऊ डोळे नुसते पानांचे. दहाव्यापासून पुढं प्रत्येक फुटीवर घड. फोनवर हे सांगताना कुंदाचं वाक्य पुरं होईना.

फाल्गुनात द्राक्षं काढली. टोपलीभर होती, तात्यांच्या भाषेत चिमण्यांचा खाऊ. पण निलूच्या समितीनं त्या टोपलीच्या रसाची वाईन करून पेल्यात ओतली तेव्हा कुणाला पेल्यातून पलीकडचं दिसेना, इतका गडद रंग. कुंदाला घोटभर दिली. ती म्हणाली, आधी जांभळाच्या सालीसारखं तुरट, मागून मिरी चावल्यासारखं, आणि शेवटी नाकात पावसाळी लाकडाचा वास. समितीतल्या जाणत्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. दुसरा घोट मात्र तिनं घेतला नाही, तोंड वाकडं करून पेला निलूला दिला.

वाणाला नाव हवं होतं. कुंदानं सांगितलं, सातडोळी.

“पण हिला बारा डोळ्यांवर छाटायचंय, वहिनी. लोक गोंधळतील.”

“गोंधळू देत की. मग विचारतील, सात कुठले?”

वैशाखात वेलीची पानं एका आठवड्यात वाळली. कुंदानं तिला पाणी घालणं थांबवलं नाही. खोड पुरतं सुकल्यावर तात्यांनी ते काढून दिलं, आणि त्यानंतर बरेच दिवस ती घरामागे गेलीच नाही. मोरीचं पाणी बादलीत भरून ती पुढच्या तुळशीला घालायची.

ऑक्टोबरात निलू तिला पुण्याला घेऊन गेली. काचघरात सातडोळीची नवी, अजून एकदाही कात्री न लागलेली रोपं रांगेनं उभी होती, आता चांगली डोक्यापर्यंत आलेली. यांत्रिक हात बाजूला ढकलून ठेवले होते. निलूनं टेप आणला नव्हता. कुंदानं तिच्याकडे बघितलं, मग पदर खोचला आणि पहिल्या रोपाच्या काडीवर हात लांब केला. एकामागून एक साऱ्या रांगेला तिनं हात लावला आणि निलू कापत गेली.

दिवाळीनंतर निलूनं तिला परत बोलावलं. पहिल्याच रोपावर, दहाव्या डोळ्याच्या फुटीला, मोहरीएवढ्या कळ्यांचा घोस धरला होता. कुंदानं त्याला हात लावला नाही. नुसतं वाकून बघितलं.

“आणखी एक दाखवते,” निलू म्हणाली. तिनं चुणीयंत्र आणलं, रोपाचं पान त्यात सरकवलं. पडदा उजळला आणि बराच वेळ कोराच राहिला. कोरडी वर्षं नाहीत, गारपीट नाही, हेमंतची एकही कात्री नाही. कुंदाला हे ठाऊक होतं, तरी ती पडद्याजवळ सरकली.

मग पडद्याच्या अगदी कडेला एक बारीक रेघ उमटली.

“ही काय?”

“ही पहिली चुणी,” निलू म्हणाली. “महिन्यापूर्वीची. तुझा हात.”

कुंदा त्या रेघेकडे बघत राहिली. “हिला कळलंय का गं, कुणाचा हात ते?”

“नाही. एवढंच कळलंय, की कुणीतरी शेजारी उभं राहून मोजून कापलं.”

“हां. मग झालं की,” कुंदा म्हणाली. तिनं डोळे पुसले, खाली लोंबत असलेली एक नवी फूट उचलली आणि तारेवर अलगद टेकवली. “दोरा आहे का तुझ्याकडे? ही पडेल बघ नाहीतर.”